संत्र्याच्या अडतीचं सॉफ्टवेअर: जँगो, लाराव्हेल की नोड?

प्रश्न असा आहे: नागपुरात तिघांचा गट आहे. कळमन्याच्या बाजारात संत्र्याची अडत करणाऱ्या एका पेढीसाठी वेबवर चालणारं सॉफ्टवेअर करायचं आहे. गाडी आली की आवक नोंदवायची, लिलावाचा भाव टाकायचा, शेतकऱ्याची हिशेबपट्टी छापायची, खरेदीदाराची उधारी सांभाळायची. वापरणारे पंधरा-वीस जण. तिघांपैकी एकाला पायथन येतं, एकाला पीएचपी, एकाला जावास्क्रिप्ट. बजेट दोन जीबी रॅमच्या एका व्हीपीएसचं (भाड्याच्या आभासी सर्व्हरचं). फ्रेमवर्क, म्हणजे वेब ॲपचा आयता सांगाडा, कोणतं घ्यावं?

आधी उत्तर सांगतो. जँगो (पायथनचं फ्रेमवर्क) घ्या, डेटाबेस पोस्टग्रेस ठेवा आणि पानं सर्व्हरवरच तयार करून पाठवा. तिघांत पीएचपीवाल्याचा हात सगळ्यात पक्का असेल तर जँगोच्या जागी लाराव्हेल, पीएचपीचं फ्रेमवर्क. बाकी बेत तोच. रिॲक्ट या जावास्क्रिप्टच्या साधनाचा वेगळा फ्रंटएंड (ब्राउझरमध्ये चालणारा भाग) पहिल्या हंगामात तरी करू नका.

निवड दोन गोष्टींवर करायची असते. तुमच्या कामातला कंटाळवाणा भाग कोणतं फ्रेमवर्क आयता देतं, ही पहिली. पहाटे लिलाव चालू असताना पट्टी निघेना झाली तर फोन कुणाला जाणार, ही दुसरी. ज्याला फोन जाणार त्याची भाषा घ्यायची. बाकीचे बहुतेक वाद यापुढे किरकोळ आहेत, आणि वेगाचा वाद तर सगळ्यात किरकोळ, म्हणून तो आधीच उरकून घेऊ.

वेगाचा हिशेब

वीस जण एकाच वेळी बसलेत आणि प्रत्येक जण दर दोन सेकंदांनी काहीतरी दाबतोय असं धरा. म्हणजे सेकंदाला १० विनंत्या. प्रत्यक्षात इतकं कुणी दाबत नाही. जँगोच्या साध्या पानाला डेटाबेससकट ५० मिलिसेकंद लागतात असं धरलं, तर एक वर्कर (विनंत्या हाताळणारी एक प्रोसेस) सेकंदाला २० विनंत्या उरकतो. एका कोअरच्या सर्व्हरवर गनिकॉर्नचे, म्हणजे जँगो चालवणाऱ्या सर्व्हर प्रोग्रामचे, तीन वर्कर ठेवतात (कोअरच्या दुप्पट अधिक एक, हा त्यांचा नेहमीचा हिशेब). कोअर एकच असला तरी बराचसा वेळ डेटाबेसची वाट पाहण्यात जातो, त्यामुळे तिन्ही वर्करना काम मिळतं. गरजेच्या काही पट ताकद तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. अमुक फ्रेमवर्क सेकंदाला लाखभर विनंत्या झेलतं, हे तक्ते बहुतेकदा दोन शब्दांचा मजकूर परत पाठवून मोजलेले असतात. तुमची पट्टी दोन शब्दांची नाही.

पान हळू होतं ते वेगळ्याच कारणाने. दिवसभराच्या २०० पट्ट्यांची यादी दाखवायची आहे आणि प्रत्येक ओळीत शेतकऱ्याचं आणि खरेदीदाराचं नाव आहे. मॉडेलमधून (तक्त्याचं कोडमधलं रूप) नुसतं नाव मागत गेलात तर यादीची एक आणि नावांच्या ४००, अशा ४०१ क्वेऱ्या (डेटाबेसकडच्या मागण्या) जातात. डेटाबेस त्याच सर्व्हरवर असेल तर हे खपून जातं. तो दुसऱ्या मशीनवर असेल आणि प्रत्येक फेरीला ५ मिलिसेकंद लागत असतील तर दोन सेकंद गेले. जँगोत सिलेक्ट_रिलेटेड लावलं की हे सगळं एका क्वेरीत येतं. लाराव्हेलमध्ये विथ लावलं की तीन क्वेऱ्यांत. काम चालू असताना जँगो डीबग टूलबार उघडा ठेवा आणि पानागणिक क्वेऱ्यांचा आकडा बघत जा. तो वीसच्या वर गेला की थांबून कारण शोधायचं.

कंटाळवाणा भाग

कागद घ्या आणि पेढीच्या कामातल्या रटाळ गोष्टी लिहून काढा. लॉगिन. मालक, दिवाणजी आणि काट्यावरचा माणूस यांचे वेगवेगळे अधिकार. फॉर्म आणि त्यांची तपासणी. कुठली नोंद कुणी, कधी बदलली याचा माग. तारखेप्रमाणे आणि गावाप्रमाणे गाळता येणाऱ्या याद्या. एक्सेलची निर्यात. डेटाबेसची रचना बदलली की ती सर्व्हरवर नीट पोचवणं (याला मायग्रेशन म्हणतात). सत्तर-ऐंशी टक्के काम हेच असतं. भाव टाकायचा दिमाखदार पडदा म्हणजे उरलेला तुकडा.

या यादीसमोर जँगो ठेवलं की बहुतेक ओळींवर खूण होते, आणि त्याला कारण आहे. जँगो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत घडलं आणि २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालं. तिथे प्रोग्रामिंग न येणाऱ्या वार्ताहरांना रोज माहिती भरायची होती, तीही छपाईच्या वेळेच्या आत. म्हणून त्याचा ॲडमिन, म्हणजे माहिती भरायचा आयता भाग, इतका तयार आहे. मॉडेल लिहिलं, दहा ओळींत नोंदवलं, की याद्या, शोध, गाळण्या, अधिकार आणि बदलांची नोंद हे सगळं मिळतं. शेतकरी, खरेदीदार, गावं, दर यांचे मास्टर तक्ते पूर्णपणे ॲडमिनवर सोडा, त्यांच्यासाठी एकही पान हाताने करू नका. आवक, लिलाव, पट्टी आणि जमा-खर्च एवढीच पानं स्वतः लिहा. ॲडमिनलाच वाकवून सगळं ॲप त्यात बसवायचा मोह होतो, तो आवरा. दिवाणजीला घाईत वापरायचा पडदा ॲडमिनमध्ये कधी नीट बसत नाही, आणि त्याला वाकवण्याचा कोड नव्याने लिहिण्यापेक्षा लांब होतो.

लाराव्हेलमध्ये ॲडमिन मुळात येत नाही, पण फिलामेंट बसवलं की जवळपास तेच काम होतं. रांगेतली कामं, ईमेल, वेळापत्रक या बाबतीत लाराव्हेल उलट जास्त आयतं देतं.

फ्लास्क, फास्टएपीआय (दोन्ही पायथनची) आणि एक्स्प्रेस (नोडवर, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टवर चालणारं) यांची गोष्ट वेगळी. ही मुद्दाम लहान ठेवलेली साधनं आहेत. फ्लास्क घेतलं तर डेटाबेस, मायग्रेशन, लॉगिन, फॉर्म आणि ॲडमिन यांसाठी पाच वेगवेगळी पॅकेजं जोडावी लागतात. ती सगळी चांगली आहेत, पण त्यांचा मेळ घालणं आणि पुढे प्रत्येकाची आवृत्ती सांभाळणं तुमच्याकडे येतं. सहा महिन्यांनी तुमच्या हातात स्वतःचंच एक घरगुती जँगो असतं, ज्याचं मॅन्युअल कुणीच लिहिलेलं नाही.

फास्टएपीआय मोबाइल ॲपला नुसता डेटा पुरवायचा असेल तेव्हा उत्तम. मात्र त्यात एक खड्डा आहे. असिंक डेफ (एकाच थ्रेडवर आळीपाळीने कामं करण्याची पद्धत) लिहिलेल्या फंक्शनमध्ये डेटाबेसचा साधा, अडवून धरणारा कॉल केला तर तो संपेपर्यंत त्या प्रोसेसमधल्या सगळ्यांचं काम थांबतं. साधं डेफ लिहिलं तर तेच काम वेगळ्या थ्रेडवर जातं आणि अडचण येत नाही. नवीन माणूस असिंक जास्त वेगवान म्हणून सगळीकडे तेच लिहितो आणि ॲप मधूनच का गोठतं ते शोधत बसतो.

नोडच घ्यायचं ठरलं, तर नुसतं एक्स्प्रेस न घेता नेस्ट किंवा ॲडोनिससारखं पूर्ण फ्रेमवर्क घ्या. जावाचं स्प्रिंग बूट भक्कम आहे. पण दोन जीबीच्या सर्व्हरवर एकटं जावाचं ॲपच ३०० ते ५०० एमबी सहज घेऊन बसतं आणि तीन जणांच्या गटाला त्याची शिस्त पहिल्या हंगामात जड जाते. पेढीऐवजी बँक किंवा मोठं सरकारी खातं असतं तर सल्ला बदलला असता. नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या कंपन्यांत नोकरी मिळावी म्हणून स्प्रिंग शिकायचं असेल तर जरूर शिका, पण त्या शिकण्याचा खर्च पेढीच्या हंगामावर टाकू नका.

पैसे, तारखा, आकडे आणि मराठी

फ्रेमवर्क कुठलंही घ्या, हे चार खड्डे वाटेत आहेतच. फरक इतकाच की कुठे ते उघड्यावर आहेत, कुठे झाकलेले.

पैसे फ्लोटमध्ये (दशांश आकडे अंदाजे साठवणारा प्रकार) ठेवू नका. ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३०००००००००००००००४, हे उत्तर पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्ही देतात. पट्टीत वजन गुणिले भाव, त्यातून हमाली, तोलाई वजा, अशा पाच-सहा पायऱ्या असतात. महिन्याअखेर दहा-वीस पैशांचा फरक पडतो आणि तो शोधायला दिवस जातो. जँगोत डेसिमलफील्ड वापरा. तो शेवटपर्यंत डेसिमलच राहतो. लाराव्हेलमध्ये डेसिमलचं कास्ट केलेली किंमत स्ट्रिंग म्हणून येते आणि तिच्यावर बेरीज केली की पीएचपी गुपचूप फ्लोट करतं; तिथे बीसीमॅथ (पीएचपीतलं अचूक दशांश गणित) वापरा किंवा सगळं पैशांत, पूर्णांकात साठवा. नोडमध्ये पोस्टग्रेसचा नेहमीचा ड्रायव्हर न्यूमरिक स्तंभ मुद्दाम स्ट्रिंग म्हणून देतो, आणि लोक त्यावर पार्सफ्लोट लावून त्याच खड्ड्यात परत जातात. रुपयाला पूर्ण करायचं ते एकाच ठिकाणी, पट्टीच्या शेवटच्या ओळीवर. प्रत्येक ओळ पूर्ण करून मग बेरीज केली तर एकूण जुळत नाही.

तारखेचा खड्डा या धंद्यात नेमका पायाखाली येतो. बाजाराचं काम पहाटेपासून सुरू होतं. सर्व्हरची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), आपली वेळ साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे ५:३० च्या आधीची प्रत्येक नोंद यूटीसीप्रमाणे आदल्या दिवशी पडते. जँगोच्या सेटिंगमध्ये टाइमझोन एशिया/कोलकाता ठेवला तरी टाइमझोन.नाऊ().डेट() लिहिलं की यूटीसीची तारीख मिळते. टाइमझोन.लोकलडेट() लिहायचं. जावास्क्रिप्टमध्ये टूआयएसओस्ट्रिंग (तेही यूटीसीच देतं) करून पहिली दहा अक्षरं कापणं हीच चूक आहे आणि ती सर्रास दिसते. दुपारी बसून तपासणाऱ्याला ती कधीच सापडत नाही.

यावर खरा उपाय मात्र फ्रेमवर्कच्या बाहेर आहे. ‘बाजाराची तारीख’ हा वेगळा स्तंभच ठेवा, नोंदीच्या वेळेवरून ती काढू नका. रात्री ११ ला उतरलेल्या गाडीचा माल दुसऱ्या दिवशीच्या लिलावात जातो, आणि दिवाणजीच्या वहीत तो दुसऱ्याच दिवसाचा असतो.

देवनागरी आकड्यांचं तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मराठी कीबोर्डवरून कुणी वजनाच्या खान्यात १२३ असं देवनागरीत टाकलं, तर पायथनचं इंट ते बरोबर १२३ वाचतं. जावास्क्रिप्टचं नंबर नॅन (‘हा आकडा नाही’) देतं. पीएचपीचं इंट कास्ट शून्य देतं, तेही तक्रार न करता. शून्य वजनाची पट्टी निघाली तर ती या दारातून आली असेल. पायथनच्या या उदारपणाचीही एक उलटी बाजू आहे. पायथनच्या रेगेक्समधला (मजकुराचा नमुना तपासण्याच्या पद्धतीतला) ‘कोणताही अंक’ या अर्थाचा \d देवनागरी आकडेही मान्य करतो, त्यामुळे मोबाइल क्रमांकाची तपासणी पार होते, क्रमांक देवनागरीतच साठतो आणि एसएमएस जात नाही. साठवण्याआधी सगळे आकडे इंग्रजी करणारं चार ओळींचं फंक्शन लिहा आणि प्रत्येक फॉर्मच्या तोंडाशी ते बसवा.

आता नावं. ‘गोऱ्हे’ हे आडनाव दोन तऱ्हांनी टाइप होतं: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखी, डेटाबेसला दोन वेगळी. एकाने नोंदवलेला शेतकरी दुसऱ्याला शोधून सापडत नाही, मग तो नवीन खातं उघडतो आणि एका माणसाची उधारी दोन खात्यांत वाटली जाते. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करणं) हे जोडचिन्ह काढत नाही. नाव साठवताना आणि शोधताना दुसरी तऱ्हा पहिलीत बदलून घ्या.

नावांच्या क्रमाचंही तसंच. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसतो, मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे नुसत्या कोडच्या क्रमाने लावलेल्या यादीत ‘काळे’ आधी आणि ‘कावळे’ नंतर येतात. मराठी शब्दकोशाप्रमाणे उलट हवं. पोस्टग्रेसमध्ये मराठीचं आयसीयू कोलेशन (क्रम लावण्याचे नियम) आहे. जँगोच्या कॅरफील्डला डीबी_कोलेशन म्हणून ते देता येतं, की काम झालं. मायएसक्यूएल घेतलंत तर अक्षरसंच यूटीएफ८एमबी४ आहे ना ते बघा. जुना तीन बाइटांचा यूटीएफ८ देवनागरी व्यवस्थित साठवतो, म्हणून सगळं ठीक वाटतं; कुणी शेऱ्यात इमोजी टाकला की नोंद फेटाळली जाते.

पट्टीची पीडीएफ हा निवडीवर थेट परिणाम करणारा मुद्दा आहे. देवनागरीत जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी जागेवर बसवण्यासाठी अक्षरांची मांडणी करणारं इंजिन लागतं. लाराव्हेलच्या जगात सर्वांत जास्त वापरलं जाणारं डॉमपीडीएफ हे करत नाही. ‘शिवाजी’तली वेलांटी श च्या उजवीकडे जाते, ‘क्ष’ फुटतो. एमपीडीएफ हे काम करतं, म्हणून पीएचपीत तेच घ्या. पायथनमध्ये वीझीप्रिंट घ्या. ते पँगोवर चालत असल्याने मांडणी बरोबर येते. मात्र सर्व्हरवर पँगोची लायब्ररी आणि नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट आधी बसवावा लागतो, नाहीतर तुमच्या लॅपटॉपवर देखणी दिसणारी पट्टी सर्व्हरवर चौकोनांनी भरलेली निघते. थर्मल प्रिंटरचा बेत असेल तर एक लक्षात ठेवा, बहुतेक स्वस्त प्रिंटरच्या आतल्या अक्षरसंचात देवनागरी नसतेच. मजकुराचं चित्र करून पाठवायचं, किंवा ब्राउझरमधून छापायचं आणि पानाची रुंदी ८० मिलिमीटर द्यायची.

पट्टीचा क्रमांक

शेवटचा क्रमांक बघून त्यात एक मिळवायचा, ही पद्धत दोन काट्यांवर एकाच क्षणी पट्टी केली की दोन पट्ट्यांना एकच क्रमांक देते. डेटाबेसचा आपोआप वाढणारा क्रमांक वापरला तर व्यवहार मध्येच फसला की एक क्रमांक गळतो, आणि मग हिशेबनीस गळलेला क्रमांक विचारतो. आर्थिक वर्षागणिक एक ओळ असलेला छोटा तक्ता ठेवा. ट्रान्झॅक्शनच्या (सगळं होईल किंवा काहीच होणार नाही अशा व्यवहाराच्या) आत सिलेक्ट_फॉर_अपडेट लावून ती ओळ अडवा, एक वाढवा, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पट्टी साठवा. वर्ष आणि क्रमांक यांच्या जोडीवर युनिक बंधन (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारं) घाला. लाराव्हेलमध्ये लॉकफॉरअपडेट हेच करतं.

हमाली, तोलाई, अडत यांचे दर कोडमध्ये लिहू नका. ‘कधीपासून लागू’ या तारखेसह तक्त्यात ठेवा, आणि दर कुणाकडून वसूल व्हायचा हाही त्यातलाच एक स्तंभ असू द्या. फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असा बदल राज्यात २०१६ साली झाला. ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अडत म्हणजे शेतकऱ्याच्या पट्टीतली वजावट’ असं कोरून ठेवलं असेल, त्यांना नुसता आकडा बदलून भागलं नसतं.

फ्रंटएंड वेगळा का नको

वेगळा रिॲक्ट फ्रंटएंड म्हणजे दोन प्रकल्प. दोन ठिकाणी तपासणी, लॉगिनचं टोकन कुठे ठेवायचं हा वाद, कॉर्सच्या (दुसऱ्या पत्त्यावरून डेटा घेण्याच्या ब्राउझरच्या नियमांच्या) चुका, दोन वेळा डिप्लॉय (सर्व्हरवर चढवणं). तिघांच्या गटात एक माणूस कायमचा या जोडणीवर अडकतो. सर्व्हरवरून आलेलं एचटीएमएल आणि त्यावर थोडं एचटीएमएक्स (पानाचा तुकडा बदलणारी छोटी लायब्ररी), एवढ्यात याद्या, शोध, पान न हलता ओळ बदलणं हे सगळं होतं.

जावास्क्रिप्टवाल्या मित्राला काम नाही असं समजू नका. लिलावाचा भाव टाकायचं पान पूर्ण त्याच्याकडे द्या, कारण तिथे नेटवर्क दगा देतं. बाजाराच्या आवारात गर्दीच्या वेळी मोबाइलचं नेट लटकतं, माणूस बटण पुन्हा दाबतो आणि एका गाडीच्या दोन नोंदी होतात. नोंद तयार होताना फोनवरच एक यूयूआयडी (दुसऱ्याशी न जुळणारी लांबलचक ओळखखूण) तयार करा, ती नोंदीसोबत पाठवा आणि सर्व्हरवर त्या स्तंभाला युनिक बंधन घाला. दुसऱ्यांदा तीच यूयूआयडी आली की सर्व्हरने चूक न दाखवता आधीचीच नोंद परत द्यायची. नेट नसताना नोंदी फोनमध्ये साठवून नंतर पाठवायच्या असतील तरी पाया हाच.

आयुष्य किती

पेढीचं सॉफ्टवेअर दहा वर्षं चालतं. म्हणून फ्रेमवर्कचा जुना वागणुकीचा दाखला बघायचा. अँग्युलरजेएस २०१० साली आलं. २०१६ मध्ये त्याची पुढची आवृत्ती नव्याने लिहिली गेली आणि जुन्या ॲपला सरळ वाट उरली नाही. डिसेंबर २०२१ ला जुन्याचा आधार संपला. जँगोत दर दोन वर्षांनी दीर्घ मुदतीची एक आवृत्ती येते आणि तिला तीन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. ५.२ ही एप्रिल २०२५ ची, तिची मुदत एप्रिल २०२८ पर्यंत. या आवृत्त्यांवरूनच उड्या मारा, मधल्या सोडून द्या. लाराव्हेलची मोठी आवृत्ती साधारण दर वर्षी येते आणि सुरक्षा दुरुस्त्या दोन वर्षं मिळतात, म्हणजे तिथे उड्या जास्त.

आवृत्ती कधी बदलायची ते संत्र्याला विचारा. आंबिया बहाराची तोड साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिल. मधले मे ते ऑगस्ट मोकळे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना कूलरसमोर बसून करण्यासारखं हे एक काम आहे.

सर्व्हरवर चढवताना

दोन जीबीत पोस्टग्रेस, गनिकॉर्नचे तीन वर्कर आणि एनजिनएक्स (त्यांच्या पुढे उभा राहणारा वेब सर्व्हर) आरामात बसतात. जँगोचा एक वर्कर शंभर एमबीच्या आसपास घेतो, पोस्टग्रेसच्या शेअर्ड बफर्सना ५१२ एमबी द्या, एक जीबीचा स्वॅप ठेवा. सर्व्हर मुंबईचा घ्या. डीबग (विकासाच्या वेळी चुका दाखवणारी सेटिंग) बंद केलं की सीएसएस गायब होतं आणि सगळे घाबरतात: तोवर ते काम जँगोचा विकासासाठीचा सर्व्हर करत होता. कलेक्टस्टॅटिक चालवा आणि व्हाइटनॉइज किंवा एनजिनएक्सकडे ते सोपवा. एनजिनएक्सच्या मागून एचटीटीपीएसवर फॉर्म पाठवताना ४०३ (परवानगी नाही) आला तर सीएसआरएफच्या (बनावट फॉर्म रोखणाऱ्या तपासणीच्या) विश्वासू पत्त्यांच्या यादीत तुमचा पत्ता https:// सकट आहे का ते पाहा, ४.० पासून ते लागतंच. शेवटी मॅनेज.पीवाय चेक --डिप्लॉय चालवून ते जे सांगेल ते करा.

आणि एक गोष्ट पहिल्या दिवशीच: पहिलं मायग्रेट चालवण्याआधी ॲबस्ट्रॅक्टयूझरवरून स्वतःचं यूझर मॉडेल करा, त्यात आज एकही वेगळा स्तंभ नसला तरी. नंतर बदलायला गेलात तर सगळ्या फॉरेन की (तक्त्यांना एकमेकांशी जोडणारे दुवे) हाताने सोडवाव्या लागतात.

लाराव्हेलवाल्यांनी शेअर्ड होस्टिंगवर अख्खा प्रकल्प पब्लिक_एचटीएमएलमध्ये ओतू नये. तसं केलं की .ईएनव्ही फाइल ब्राउझरमध्ये उघडते आणि डेटाबेसचा पासवर्ड जगाला दिसतो. वेबचं मूळ फोल्डर म्हणून फक्त पब्लिक हे फोल्डर ठेवा.

पेढीचा हिशेबनीस टॅली वापरत असेल तर फ्रेमवर्कचा त्याच्याशी संबंध नाही. टॅली दुकानातल्या संगणकावर चालते आणि ठरावीक पोर्टवर, सहसा ९००० वर, एक्सएमएल घेते. मुंबईतल्या सर्व्हरला तिथे पोचता येत नाही. रोजच्या नोंदींची एक्सएमएल फाइल डाउनलोड करून टॅलीत आयात करायची सोय द्या, ती पुरते.

दोन दिवसांची परीक्षा

तरीही तिघांचं एकमत होत नसेल तर चर्चा थांबवा. जँगो आणि लाराव्हेल, दोन्हींत हाच एक उभा तुकडा करून बघा: आवक नोंद, भाव, पट्टीची मराठी पीडीएफ, आणि पट्टी रद्द करण्याचा अधिकार फक्त मालकाला. पहिला दिवस यासाठी, आणि संध्याकाळी तो स्वस्तातल्या सर्व्हरवर चढलेला हवा. लॅपटॉपवर चाललेलं धरायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आवकेत ‘कॅरेटची संख्या’ हा नवा स्तंभ घाला आणि तो फॉर्म, यादी, पट्टी, सर्व्हर या सगळ्यांत पोचेपर्यंत किती फाइलींना हात लावावा लागला ते मोजा. जँगोत सहसा चार-पाच: मॉडेल, आपोआप लिहिलेलं मायग्रेशन, फॉर्म, दोन टेम्प्लेट. वेगळा फ्रंटएंड असेल तर हा आकडा आठ-नऊवर जातो. पेढीकडून असे बदल पहिल्या महिन्यात वीसेक तरी येतील.

दुपारी गटातल्या दुसऱ्या माणसाला, ज्याने तो कोड लिहिलेला नाही त्याला, मुद्दाम घातलेली एक चूक शोधायला द्या. त्याला तासाभरात सापडली नाही तर त्या फ्रेमवर्कमध्ये पहाटेचा फोन एकाच माणसाला जाणार हे धरून चाला. संध्याकाळी सर्व्हरवरचा डेटाबेस पुसा आणि आदल्या रात्रीच्या पीजी_डंपवरून (पोस्टग्रेसच्या बॅकअपवरून) परत उभा करा (लाराव्हेलसोबत मायएसक्यूएल असेल तर मायएसक्यूएलडंपवरून). किती मिनिटं लागली आणि कोणत्या पायऱ्या कराव्या लागल्या ते कागदावर लिहा, आणि तो कागद पेढीवर दिवाणजीच्या गल्ल्यात ठेवा.